केए ते एमएच : गाडीचं पासिंग बदलताना

नोकरी बदलून बंगळुरूहून पुण्याला यायचं ठरलं तेव्हा सामानाचा ट्रक, मुलीची शाळा, भाड्याचं घर या सगळ्यांच्या याद्या झाल्या. गाडीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, कारण ती आपली आपण चालत येणार होती. आलीही. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव करत नॅशनल हायवे 48 वरून आठशेच्या वर किलोमीटर तोडून, कोगनोळीचा टोलनाका मागे टाकून ती पुण्यात दाखल झाली. तिचे कागद मात्र बंगळुरूलाच राहिले.

पुण्यात केए पाटीची गाडी ही काही नवलाई नव्हे. पण पार्किंगमध्ये लावली की कुणीतरी विचारतंच, "सेकंडहँड घेतली का?" सिग्नलवर मामांनी बाजूला घेतलं की दहा गाड्यांतून आपलीच का, हे सांगावं लागत नाही. सल्ले तर न मागता मिळतात. कुणी म्हणतं, "काही करू नका, माझ्या भावाची गाडी आठ वर्षं गुजरात पासिंगवर फिरतेय." दुसरा म्हणतो, "अहो, टॅक्स भरा आधी, नाहीतर गाडी उचलतील." दोघांच्याही बोलण्यात ठाम आत्मविश्वास आणि कागद कुणाकडेच नाही. म्हणून मी कायदाच उघडून बसले.

मोटार वाहन कायदा 1988 चा, आणि तो अख्ख्या देशाला एकच. त्याचं कलम 46 म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतात कुठेही पुन्हा नोंदवायची गरज नाही. वाचून हायसं वाटलं. लगेच पुढचं कलम 47 म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली तर तिथला नवा नंबर घ्यायला हवा. शिवाय मालकाचा पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचं, हे कलम 49. म्हणजे भावाच्या आठ वर्षांना कायद्यात जागा नाही आणि आल्या आल्या "गाडी उचलतील" हीही अतिशयोक्तीच.

मग नवा नंबर कशासाठी? गाडीची ओळख तर आजकाल 'वाहन' या राष्ट्रीय प्रणालीत आहे. केए नंबर टाकला की पुण्यातल्या पोलिसाच्या फोनवरही मालक, मॉडेल, विमा, पीयूसी सगळं दिसतं. चोरी पकडायला नंबर बदलायची गरज नाही. गरज आहे ती करासाठी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर हा राज्य सूचीतला विषय आहे, नोंद 57. वाहनांचा कायदा मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, म्हणून तो दिल्लीतही होतो. कर्नाटकाचा वाहनकर कायदा 1957 चा, महाराष्ट्राचा 1958 चा, आणि दोघांचे हिशेब वेगळे. गाडी घेताना पंधरा वर्षांचा धरून जो एकरकमी कर भरतो, तो त्या राज्यातल्या रस्त्यांचा असतो. राज्य बदललं की नवं राज्य म्हणतं, आमचा द्या. जुनं म्हणतं, उरलेल्या वर्षांचा परत घेऊन जा. सोपं वाटतं. फक्त आधी द्यायचं असतं आणि मग घ्यायचं असतं, आणि या दोन क्रियापदांच्या मध्ये बराच काळ जातो.

ही गोष्ट कळली आणि पुढची सगळी कागदपत्रं मला समजायला लागली. कुठला कागद कशाला मागतात, हे कराच्या बाजूने पाहिलं की कोडं उरत नाही.

सुरुवात बंगळुरूच्या आरटीओपासून. तिथून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, फॉर्म 28. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो: राज्य कर्नाटक निवडायचं, नंबर टाकायचा, चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे, मग ओटीपी. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नंबर गाडी घेताना डीलरने टाकलेला असतो. माझ्या बाबतीत तो माझाच निघाला. पण पुष्कळांच्या आरसीला, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राला, डीलरच्या पोऱ्याचा किंवा जुन्या कंपनीचा नंबर चिकटलेला असतो आणि सगळा गाडा तिथेच रुततो. गाडी विकायची नसली, कुठे न्यायची नसली तरी हे एकदा तपासून ठेवाच.

पोर्टलवर पुढे गेल्यावर दिसलं की आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. कर्ज केव्हाच फिटलं होतं, बँकेचं पत्रही घरी होतं. पण कर्ज फिटणं आणि आरसीवरून बोजा उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. बँक आपल्याला फॉर्म 35 सही-शिक्का मारून देते आणि तिचं काम संपतं. तो आरटीओत नेऊन 'हायपोथिकेशन' काढायचं काम आपलं. कर्ज चालू असेल तर मात्र फॉर्म 35 नाही, बँकेची परवानगी लागते: गाडी अमुक राज्यात न्यायला आमची हरकत नाही. हे पत्र काही बँका चटकन देतात, काही शाखा-शाखा खेळवतात. बँकेच्या पत्राला मुदत असते, ती बघून घ्या.

बोजा उतरवणं आणि एनओसी, दोन्ही अर्ज एकदमच लावले. ई-चलन बाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. आमचं निरंक होतं. गाडीवर गुन्हा नाही, ती चोरीची नाही, याचा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, अहवाल जोडायचा. हा घरबसल्या नंबर टाकून निघतो, पोलीस ठाण्यात जायची गरज पडली नाही. विमा आणि पीयूसी चालू हवेत. आणि चॅसी प्रिंट.

चॅसी प्रिंटबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळ्या ऑनलाइन कारभारात एवढीच गोष्ट अजून हाताने होते. चॅसीवर सतरा अक्षरांचा नंबर कोरलेला असतो. आमच्या गाडीत तो पुढच्या डाव्या सीटजवळ, मॅटखाली एका झाकणाआड आहे. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं उमटतात. तो कागद अर्जाला चिकटवायचा. म्हणजे ही गाडी प्रत्यक्षात आहे आणि हा लोखंडाचा तुकडा तिचाच आहे, याचा पुरावा. सतरा अक्षरांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. मुलीने दोन कागद फाडून तिसऱ्यावर झकास प्रिंट काढली. एरवी आरटीओबाहेर हेच करून देणारी मुलं असतात.

कागद तयार झाले. ते द्यायला बंगळुरूला जायचं होतं, आणि गाडी न्यायची नव्हती.

मूळ आरसी फाईलबरोबर जाणार, एनओसी निघाली की 'वाहन'च्या नोंदीत तसा शेरा दिसणार, नव्या राज्याचा नंबर अजून नाही. मधल्या या काळात गाडी चालवणं गुन्हा नाही, पण लांबच्या प्रवासात प्रत्येक नाक्यावर ही कथा सांगत बसायची माझी तयारी नव्हती. गाडी पार्किंगमध्ये राहिली. घरातल्यांनी शहरात मेट्रो आणि रिक्षा धरली, आणि मी कित्येक वर्षांनी एसटी-रेल्वेवर आले.

जाताना उद्यान एक्स्प्रेस. मुंबईहून सकाळी निघते, पुण्याला दुपारच्या सुमारास येते, सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल करत दुसऱ्या सकाळी बंगळुरूला टाकते. गुंतकल आंध्रात, म्हणजे एका तिकिटावर निदान तीन राज्यं. कुठे हद्द लागली ते फलाटावरच्या पाट्यांची लिपी बदलते तेव्हाच कळतं. रेल्वे हा केंद्राचा विषय, तिला राज्याची शीवच ठाऊक नाही. वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मला हेच सुचत होतं, की हा डबा कुठल्या राज्याचा हे कुणी कधी विचारत नाही.

बंगळुरूच्या आरटीओतलं काम अपेक्षेपेक्षा शांतपणे झालं. बाई कागद एकेक उलटवत होत्या, कन्नडमधून विचारत होत्या, मी मोडक्या कन्नडमधून उत्तरं देत होते. "यावूरु?" कुठल्या गावाला? "पुणे." त्यांनी पुण्यातल्या ज्या आरटीओच्या नावाने एनओसी हवी ते कोड तपासलं. हे महत्त्वाचं. एनओसी राज्याच्या नावाने निघत नाही, एका ठरावीक कार्यालयाच्या नावाने निघते. पुणे एमएच-12, पिंपरी-चिंचवड एमएच-14. हिंजवडी, वाकडकडे राहणाऱ्यांनी "आपण पुण्यातच की" म्हणून बारा नंबर लिहिला तर नंतर दुरुस्तीला पुन्हा मूळ आरटीओच गाठावं लागतं. आपला पिनकोड कुठल्या कार्यालयात येतो ते आधी बघा.

एनओसी किती दिवसांत? कायद्यात कलम 48 आहे. आरटीओने तीस दिवसांत नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिलं असं समजायचं. कागदावर हे तुमच्या बाजूचं कलम आहे. प्रत्यक्षात 'दिलं असं समजून' कुणी नव्या आरटीओत गेलं तर तिथली खिडकी ते समजून घेईल का, याची मला शंका आहे. सुदैवाने वेळ आली नाही.

शहरात मी बीएमटीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी सिटी बसने, फिरले. बंगळुरूत राहत होते तेव्हा माझ्या आधारवर तिथला पत्ता होता, आणि जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. या खेपेला आधार पुण्याचं झालेलं. कार्ड बघून कंडक्टरने मान हलवली आणि पूर्ण भाडं घेतलं. रस्ता तोच, बस तीच, बाई तीच. बदलला होता फक्त पत्ता.

परतताना बेळगावात मावशीकडे थांबले आणि तिथून कोल्हापूरला एसटीने, आईकडे. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं. पण ते हद्दीपुरतं. लाल गाडीच्या कंडक्टरने ते अगदी सहज समजावलं: "ताई, बॉर्डरपर्यंत फुल, पुढं हाफ." शेजारची आजी पंचाहत्तरीच्या पुढची होती. तिचंही तसंच, कर्नाटकातल्या टप्प्याचे पैसे, पुढे 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हणून फुकट. ती कमरेच्या पिशवीतून नोट काढत म्हणाली, "म्हातारपण काय निपाणीच्या अलीकडं नसतं व्हय?" सगळी बस हसली. कंडक्टरही.

सीमाभागातल्या माणसाला यातलं काहीच नवीन नाही. तो कागलहून निपाणीला जाऊन पेट्रोल भरून येतो, कारण इंधन जीएसटीबाहेर आहे, व्हॅट ज्या त्या राज्याचा, आणि पलीकडे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस हद्दीपर्यंतच येतात आणि लोक मधलं अंतर वडापने, म्हणजे खासगी जीपने, काढतात. आपण हायवेवरून ऐंशी-शंभरच्या वेगाने ती रेघ ओलांडतो म्हणून आपल्याला ती दिसत नाही, एवढंच.

एनओसी हातात आली. आता पुण्याची पाळी.

इथे फॉर्म 27, नव्या नोंदणी क्रमांकासाठी, आणि फॉर्म 33, पत्ता बदलासाठी. सोबत एनओसीच्या प्रती, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पुन्हा चॅसी प्रिंट. खिडकीवरच्या साहेबांनी फाईल चाळली आणि पहिला प्रश्न टाकला, "मॅडम, इन्व्हॉइस?"

इन्व्हॉइस म्हणजे गाडी घेतली तेव्हाचं डीलरचं मूळ बिल. कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याची पावती चालत नाही. महाराष्ट्राचा कर गाडीच्या किमतीवर बसतो आणि ती किंमत बिलावरच असते. खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांना 12, त्यापुढे 13. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. हे दर नव्या गाडीचे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे ही रक्कम उतरत जाते. माझ्याकडे बिल होतं, गाडीच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात, शाई थोडी पुसट झालेली. बाहेर एक गृहस्थ हैदराबादहून आलेली गाडी घेऊन उभे होते. त्यांचं बिल नव्हतं आणि तो डीलरच बंद पडला होता. ते कंपनीला मेल पाठवत होते. गाडी जपतो त्यापेक्षा तिचं बिल जास्त जपावं, हे मी त्यांच्याकडे बघून मनात टिपून ठेवलं.

एजंट घ्यावा का? माझं मत दोन तुकड्यांत आहे. बंगळुरूचं काम मी स्वतः केलं आणि तसंच करा म्हणेन, कारण ते बहुतेक पोर्टलवर आहे. पुण्यात मात्र एजंटकडे काम देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. अडचण पैसे चारण्याची नव्हे, क्रमाची आहे: फाईल आधी कुठे इनवर्ड करायची, कर कुणी काढून द्यायचा, तो भरल्यावर पुन्हा कुणाच्या टेबलावर जायचं, इन्स्पेक्शनची वेळ कोणती. हे भिंतीवर कुठेतरी लिहिलेलं असतं, पण त्यावर निवडणुकीच्या आदेशाचा कागद चिकटवलेला असतो. मी एजंट घेतला नाही, कारण मला वेळ होता आणि स्वभाव चिकट आहे. ज्यांच्याकडे यांपैकी एकच गोष्ट आहे त्यांनी घ्यावा. फक्त त्याला सगळी रक्कम आधी देऊ नये, आणि कर स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरून पावती स्वतःकडे ठेवावी. ती पावती पुढे लागते.

गाडी तपासणीला नेली. मोटार वाहन निरीक्षकांनी बॉनेट उघडायला लावलं, चॅसी नंबर प्रिंटशी ताडला, इंजिन नंबर पाहिला, दिवे, आरसा, हॉर्न. पाच-सात मिनिटांत संपलं. माझ्या पुढची गाडी मात्र परत गेली. तिला मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं आणि आरसीवर इंधन फक्त पेट्रोल. असं काही केलेलं असेल तर ते मूळ राज्यातच आरसीवर चढवून घ्या. नव्या राज्यात ते निस्तरणं महाकठीण.

मग कर. आकडा बघून पोटात थोडं कळवळलं, कारण हाच कर मी एकदा भरला होता, आणि तोही देशातल्या चढ्या दरांपैकी एकाने. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला 14 टक्के आणि वर उपकर. त्यातली उरलेल्या वर्षांची रक्कम परत मिळणार हे माहीत असूनही, आज खात्यातून जाणारा पैसा खरा वाटतो आणि पुढे येणारा कागदी.

इथे कुणीतरी विचारणारच की बीएच नंबर का नाही घेतला. भारत सीरिज 15 सप्टेंबर 2021 पासून सुरू झाली ती नेमकी याच डोकेदुखीसाठी. सैन्यदल, केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले नोकर, आणि ज्या खासगी कंपन्यांची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांचे कर्मचारी, यांना ती मिळते. पंधरा वर्षांचा कर एकदम नाही, दर दोन वर्षांनी भरायचा. डिसेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर आधीच नोंदलेली गाडीही बीएचमध्ये नेता येते. माझ्या कंपनीची कार्यालयं मोजून दोन राज्यांत. विषय तिथेच मिटला. ज्यांची दर तीन-चार वर्षांनी बदली होते त्यांनी मात्र नवी गाडी घेतानाच हा विचार करावा. एका गावात आयुष्य काढणाऱ्याने नुसत्या ऐटीसाठी ती पाटी घेऊ नये. दर दोन वर्षांनी कराची तारीख लक्षात ठेवणं हा त्याच्या नशिबी उगाच आलेला ताप आहे.

नंबर मिळाला. चॉइस नंबरच्या भानगडीत पडले नाही, आला तो घेतला. बेरीज नऊ येते का हे शेजारच्या काकांनी तपासलं. येत नाही.

नवा नंबर म्हणजे नव्या पाट्या. एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी मुळातच असते, पण ती जुन्या नंबराची. नवी मागवावी लागते, आणि ती घरी स्क्रूने बसवता येत नाही. एकदाच दाबून बसणारं स्नॅप लॉक असतं, काढायचं तर तोडावंच लागतं. बसवणाऱ्याने केए पाटी तोडून काढली तेव्हा मुलीने ती स्मरणिका म्हणून मागितली. द्यायची नसते, जमा करावी लागते. काचेवरचा स्टिकरही बदलतो: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी.

यानंतरची यादी कुणी सांगत नाही. विमा कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर नंबर बदलून घ्यायचा, नाहीतर अपघाताच्या दाव्याच्या वेळी वाद. हप्ता वाढला नाही, कारण विम्याच्या हिशेबात बंगळुरू आणि पुणे दोन्ही 'अ' झोनमध्ये आहेत. लहान गावातून पुण्याला आणणाऱ्याला थोडा फरक पडेल. पीयूसीवरही नंबर जुनाच होता, नवं काढलं. सोसायटीचा स्टिकर, ऑफिसच्या पार्किंगचा पास, गाडी सर्व्हिसिंगला जाते तिथली नोंद, ही सगळी किरकोळ कामं.

फास्टॅग किरकोळ नाही. तो गाडीच्या नंबराला बांधलेला असतो. बँकेला नवी आरसी दिली, जुना टॅग बंद करून नवा घ्यावा लागला. ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास आहे, सुरू झाला तेव्हा 3000 रुपयांचा, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तोही नंबरालाच चिकटतो आणि दुसऱ्या गाडीवर जात नाही. म्हणून पासिंग बदलायचं असेल तर पास नंतर काढा. आईकडे आणि मावशीकडे जाणाऱ्या माझ्यासारखीला तो परवडतो: पुणे ते बेळगाव एका बाजूने खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी, हत्तरगी असे सहा नाके, म्हणजे एका बाजूच्या सहा फेऱ्या धरल्या जातात. मुंबईला एक्स्प्रेस वेने जाणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं, तो राज्याचा रस्ता आहे, तिथे हा पास चालत नाही आणि टोल नेहमीसारखा कटतो.

राहता राहिला परतावा. तो अर्ज बंगळुरूच्या त्याच मूळ आरटीओत करायचा. महाराष्ट्राची नवी आरसी, इथे कर भरल्याची पावती, तिथे भरलेल्या कराची पावती, एनओसीची प्रत, बँक खात्याचा रद्द केलेला चेक. परताव्याची रक्कम गाडीच्या वयाच्या तक्त्याप्रमाणे निघते. पंधरातली दहा वर्षं उरली म्हणून दोन तृतीयांश पैसे परत, असा सरळ त्रैराशिक हिशेब करून बसू नका. तक्ता आपल्या मनासारखा उतरत नाही. या वेळीही रेल्वेनेच गेले. खिडकीवर त्याच बाई होत्या. महाराष्ट्राची आरसी उलटसुलट पाहून त्यांनी पावतीचा मूळ कागद मागितला, झेरॉक्स नको म्हणाल्या. तो माझ्याकडे होता.

पैसे खात्यात आले तेव्हा ऑफिसात मीटिंग चालू होती, मेसेज नीट वाचलाही नाही. रात्री हिशेब मांडला. महाराष्ट्राला दिले त्यापेक्षा कर्नाटकाने कमी परत केले, पण अगदीच वाईट नाही. प्रवासाचे, पाटीचे, नव्या टॅगचे धरले तर फरक वाढतो. मी ते धरले नाहीत, कारण बंगळुरूला गेले तेव्हा मैत्रिणींना भेटले होते, आणि तो खर्च नवऱ्याने वेगळ्या रकान्यात लिहिला.

आता ड्रायव्हिंग लायसन्स उरलंय. ते देशभर चालतं, पण त्यावर अजून बंगळुरूचा पत्ता आहे.